बुरशी राहते कुठे? : काणी, काळी ज्वारी आणि थंड प्लाझ्मा

दरवर्षी १८ मे रोजी परभणीच्या कृषी विद्यापीठात खरीप मेळावा भरतो. १९७२ साली याच दिवशी विद्यापीठाची स्थापना झाली. मेळाव्यात भाषणे होतात, चर्चासत्रे होतात. पण गावोगावचे शेतकरी येतात ते मुख्यतः बियाण्यासाठी. उन्हाचा कडाका असतो, डोक्याला रुमाल बांधलेली माणसे रांगेत उभी असतात आणि पिशवी हातात पडली की बरेचजण आधी कोपरा चाचपून दाणा कसा आहे ते पाहतात. काही वर्षांपूर्वी त्या रांगेजवळच्या सावलीत बसलेल्या एका म्हाताऱ्याने मला विचारले होते, "काय हो, दुकानातलं बी गुलाबी रंगवतात ते कशाला?"

मी म्हणालो, "औषध लावलेलं असतं बाबा. बुरशी लागू नये म्हणून."

"ते ठाऊक आहे. पण बुरशी बियाला असती का जमिनीला असती का पावसाला असती? नेमकी कशाला हे औषध?"

मला उत्तर देता आले नाही. परभणीच्या मोंढ्यात एका आडतीवर हिशेब लिहिण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. धान्य हातात घेऊन त्याचा भाव सांगण्याइतपत ओळख झाली, पण शेतीशास्त्राची पदवी माझ्याजवळ नाही. त्या म्हाताऱ्याच्या प्रश्नामागे लागून मी जुन्या पत्रिका, अहवाल, पुस्तके मिळतील तशी वाचत गेलो. अलीकडे 'थंड प्लाझ्मा' नावाच्या तंत्राने बियाण्यावरची बुरशी औषधाविना घालवता येते, अशा बातम्या येऊ लागल्या, तेव्हा हा प्रश्न पुन्हा वर आला. हा लेख म्हणजे त्या शोधाचा ताळेबंद आहे.

चार काण्या

ज्वारीच्या पिकावर काणी पडते हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असे. कणसात दाण्याच्या जागी राखाडी रंगाची लहान बोंडे येतात. फोडली की आतून काजळासारखी भुकटी निघते. ही भुकटी म्हणजे बुरशीचे बीजाणू. एका बोंडात ते लाखोंनी असतात.

पण काणी एक नाही, चार आहेत. हे मुंबई इलाख्यापुरते नीट मांडून दाखवले ते पुण्याच्या शेती खात्यातील वनस्पतिरोगतज्ज्ञ जी. एस. कुलकर्णी यांनी. पुसा येथील शेती संशोधन संस्थेने १९१८ साली त्यांची ज्वारीच्या काण्यांवरची पत्रिका प्रसिद्ध केली. दाण्याची काणी, मोकळी काणी, अख्खे कणीसच काळे करून टाकणारी काणी आणि कणसातल्या मोजक्या दाण्यांतून लांब नळ्या काढणारी लांब काणी, असे हे चार प्रकार. वरवर पाहणाऱ्याला चारही काळ्या भुकटीच्याच. फरक आहे तो त्यांच्या वाटेचा.

दाण्याची काणी आणि मोकळी काणी बियाण्याच्या बाहेरून चिकटून येतात. खळ्यावर निरोगी आणि काणीची कणसे एकत्र मळली की बोंडे फुटतात, भुकटी उडते आणि चांगल्या दाण्यांवर बसते. डोळ्यांना काही दिसत नाही. पुढच्या पावसाळ्यात ते बी पेरले की दाण्याबरोबर बीजाणूही रुजतो, कोंबात शिरतो आणि ताटाच्या आतून गुपचूप वर चढत जातो. पीक हिरवेगार दिसते. कणीस बाहेर पडते तेव्हाच फसवणूक कळते. तिसरी काणी जमिनीत वस्ती करते, चौथी वाऱ्यावरून फुलोऱ्यात येते. म्हणजे पहिल्या दोन काण्यांवर बी धुऊन किंवा औषध चोळून इलाज होतो. उरलेल्या दोन काण्यांवर बियाण्याला काहीही लावले तरी उपयोग नाही.

म्हाताऱ्याच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर मला इथे सापडले. बुरशी बियाला असते, जमिनीला असते आणि हवेलाही असते. औषध निवडण्याआधी ती राहते कुठे हे ठरवावे लागते.

हे वाचताना मला आजी आठवली. पीक उभे असतानाच ती रानात फिरून भरदार, निरोगी कणसे हेरून ठेवी. ती आधी खुडली जात, वेगळी वाळत आणि घरी हाताने चोळून दाणे काढले जात. मग राख आणि कडुनिंबाचा पाला घालून ते बी मडक्यात, उतरंडीला. खळ्यावरची रास ही खायला आणि विकायला; बी त्या राशीतले कधीच नसे. आम्हाला ही नुसती शिस्त वाटे. कुलकर्ण्यांची माहिती वाचल्यावर तिचा अर्थ उलगडला. बियाण्याची कणसे खळ्यावर गेलीच नाहीत, तर काणीची भुकटी त्यांच्यावर बसणार कशी? आजीला बीजाणू हा शब्द माहीत नव्हता. तो कुठून येतो ती जागा मात्र तिने टाळली होती. हा माझा तर्क आहे. पण जिथे बी मोंढ्यातल्या राशीतून विकत आणून पेरले जाऊ लागले तिथे काणीला रान मोकळे झाले असणार, असे मला वाटते.

१९१८

काणीचा इतिहास शोधताना १९१८ हे साल माझ्यासमोर पुन्हापुन्हा येत राहिले. कुलकर्ण्यांची पत्रिका त्याच वर्षीची. भारतातील वनस्पतिरोगशास्त्राचा पाया घालणारे ई. जे. बटलर यांचे बुरशी आणि पिकांचे रोग यांवरचे मोठे पुस्तकही १९१८ चे. आणि निजामाच्या राजवटीत परभणीला मुख्य प्रायोगिक शेती केंद्र सुरू झाले तेही १९१८ सालीच. मनमाडहून हैदराबादला जाणारी रेल्वे विसाव्या शतकाच्या तोंडावर इथून गेली होती. कापसाचा मोठा व्यापार होता. त्यामुळे परभणीची निवड झाली यात नवल नाही.

त्याच वर्षी हैदराबादला उस्मानिया विद्यापीठाची स्थापना झाली आणि तिथे शिक्षणाचे माध्यम उर्दू ठरले. संस्थानचा कारभारही उर्दूतून चाले. पुण्याकडे इंग्रजीत लिहिलेले ज्ञान निदान मराठी पत्रकांतून दख्खनच्या शेतकऱ्यापर्यंत उतरत होते. गोदावरीच्या या काठावर जिंतूर-पाथरीचा कुणबी मराठी बोलत होता आणि सरकारी कागद उर्दूत येत होता. शेतकऱ्याला सल्ला कोणत्या भाषेत मिळतो ही गोष्ट किरकोळ नाही. याच इतिहासात पुढे एका परक्या देशात भाषेपायी शेकडो माणसे मेली.

तांबे, गंधक, पारा

बियाण्याला काहीतरी लावून बुरशी मारण्याची कल्पना युरोपात गव्हावरून निघाली. फ्रान्समधील मॅथ्यू तिये हा खरे तर टांकसाळीचा अधिकारी. १७५५ साली त्याने गव्हाच्या शेताचे वाफे पाडून प्रयोग केले आणि काणीची काळी भुकटी निरोगी बियाण्याला लावली की रोग येतो, हे दाखवून दिले. पण ती भुकटी सजीव आहे हे त्याला कळले नव्हते. ते कळायला १८०७ साल उजाडावे लागले. मोंतोबान गावच्या बेनेदिक्त प्रेव्हो याने सूक्ष्मदर्शकाखाली ते बीजाणू पाण्यात रुजताना पाहिले. एक गोष्ट त्याला खटकली: तांब्याच्या भांड्यात काढलेल्या पाण्यात ते रुजत नव्हते. या धाग्यावरून तो मोरचुदापर्यंत पोचला. आपल्याकडे तांब्याच्या हंड्यात पाणी भरून ठेवणाऱ्या घरांची कमी नव्हती. पण त्या पाण्यात काय रुजत नाही हे पाहणारा डोळा मोंतोबानला निघाला. तिये आणि प्रेव्हो, दोघेही शेतीशास्त्राचे पंडित नव्हते, ही गोष्ट माझ्यासारख्याला धीर देणारी आहे.

मुंबई इलाख्यात शेती खात्याने ज्वारीच्या काणीवर हाच मोरचुदाचा उपाय सांगितला. बी द्रावणात बुडवायचे, काढायचे, वाळवायचे आणि पेरायचे. उपाय चांगला होता, पण ऐन पेरणीच्या घाईतला होता. द्रावण कडक झाले किंवा बी जास्त वेळ राहिले तर कोंबच मरतो. ओले बी वाळायला ऊन हवे आणि मृगात आभाळ भरलेले. पुढे १९३० च्या आसपास बी. एन. उप्पल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोरड्या भुकट्यांचे प्रयोग केले आणि बारीक गंधकाचा उपाय पुढे आला. किलोला चार ग्रॅम, तीनशे मेशचा गंधक, मडक्यात किंवा डब्यात बी घालून हलवायचे. पाणी नको, वाळवण नको. आजही ज्वारीच्या शिफारशींत हे वाक्य जसेच्या तसे सापडते. शंभर वर्षांत शेतकऱ्याच्या हाती पडलेल्या उपायांत इतका स्वस्त, सोपा आणि निर्धोक उपाय दुसरा क्वचितच असेल.

गव्हाच्या मोकळ्या काणीची गोष्ट निराळी. ती दाण्याच्या पोटात, अंकुराजवळ झोपलेली असते. तिला तांबेही पोचत नाही, गंधकही नाही. डेन्मार्कच्या येन्सेनने १८८० च्या दशकात धान्याच्या बियाण्यासाठी गरम पाण्याचा उपाय काढला. पण पाण्याचा अंश थोडा चढला तर बी शिजते. पंजाबात ल्यालपूरच्या जयचंद लुथरा यांनी १९३० च्या दशकात त्याला देशी रूप दिले. भर उन्हाळ्यात सकाळी चार तास बी भिजत घालायचे आणि दुपारच्या रणरणत्या उन्हात पसरून वाळवायचे. भिजल्यावर बुरशी जागी होते आणि उन्हात मरते. थर्मामीटर नको, भट्टी नको, फक्त ऊन. परभणीच्या मे महिन्यात ज्याने पत्र्यावर हात ठेवला आहे त्याला हा उपाय समजावून सांगावा लागणार नाही.

मग आला पारा. पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत पाऱ्याची सेंद्रिय संयुगे बियाण्याला लावण्यासाठी निघाली आणि पुढची साठ वर्षे जगभर त्यांचे राज्य होते. आपल्याकडच्या जुन्या शेतकऱ्यांना 'अॅग्रोसान' हे नाव आठवत असेल. थोडीशी भुकटी आणि बहुतेक सगळ्या बुरश्या साफ.

१९७१ च्या अखेरीस इराकमध्ये मेक्सिकोहून गव्हाचे आणि जोडीला जवाचे बियाणे आले. दुष्काळाने गांजलेल्या शेतकऱ्यांसाठी ते होते. त्याला मिथिल पाऱ्याचे औषध लावलेले होते आणि धोक्याची खूण म्हणून लाल रंग दिलेला होता. पोत्यांवरचा इशारा स्थानिक लोकांना वाचता येणाऱ्या भाषेत नव्हता. बियाणे पोचले तेव्हा अनेक ठिकाणी पेरणी उरकलेली होती. घरात खायला नाही आणि दारात गव्हाची पोती. लोकांनी धुऊन पाहिले. लाल रंग गेला. रंग गेला म्हणजे विष गेले असे वाटले. त्या गव्हाच्या भाकरी झाल्या. सरकारी आकड्यांनुसार ६,५३० माणसे रुग्णालयात दाखल झाली आणि त्यांतली ४५९ मेली. घरीच मेलेल्यांची त्यात गणती नाही.

त्याच १९७२ साली आपणही दुष्काळात होतो. रेशनवर तांबडा मिलो येत होता, खडी फोडण्याच्या कामावर सुकडी वाटली जात होती. भुकेल्या घरात बी आणि धान्य यांत फरक करायला मन फार घट्ट लागते. इराकची हकिगत वाचल्यापासून गुलाबी दाणे पाहिले की मला रंगाआधी त्या पोत्यावरचा न वाचता आलेला मजकूर आठवतो. पुढे भारतातही पाऱ्याच्या या औषधांवर बंदी आली आणि थायरमसारखी औषधे रूढ झाली. तीही खाण्यासाठी नव्हेतच. बियाण्याच्या पिशवीत औषधाची पुडी वेगळी मिळायची ते दिवस अनेकांना आठवत असतील. कितीतरी घरांत ती न फोडताच देवळीत पडून राही.

काळी ज्वारी

आता परभणीच्या खऱ्या दुखण्याकडे येतो. ते काणीचे नाही.

आमच्या भागातली जुनी खरीप ज्वारी उंच, उशिरा निसवणारी होती. दिवस लहान होऊ लागल्याशिवाय ती फुलोऱ्यावर येत नसे. पाऊस मागे हटता हटता कणीस बाहेर पडे आणि दाणा कोरड्या हवेत भरे. उत्पन्न कमी, पण दाणा मोत्यासारखा. १९६४ साली सीएसएच-१ हा देशातला पहिला संकरित ज्वारीचा वाण आला. ताट ठेंगणे, कणीस भरगच्च आणि पीक शंभर-सव्वाशे दिवसांत तयार. उत्पन्न कैक पटींनी वाढले. मराठवाड्यात 'हायब्रीड' हा शब्द घराघरात गेला तो ज्वारीमुळेच. त्या काळच्या टंचाईत या ज्वारीने पोटे भरली, हे विसरून चालणार नाही.

पण लवकर येणारे पीक सप्टेंबरच्या पावसात सापडले. दाणा भरत असताना आणि पिकत असताना पाऊस लागला की फ्युजेरियम, कर्व्ह्युलारिया, अल्टर्नेरिया अशा कितीतरी बुरश्या कणसावर बसतात. त्या काणीसारख्या बियाण्यातून आलेल्या नसतात. त्या हवेत आणि रानातल्या काडीकचऱ्यात आधीच असतात आणि फुलोऱ्यापासूनच दाण्यात शिरू लागतात. दाणा गुलाबी, करडा, शेवटी काळा पडतो. म्हणून पेरणीच्या वेळी गंधक चोळा की थायरम, चार महिन्यांनी पडणाऱ्या पावसापुढे त्याचे काही चालत नाही. शास्त्रज्ञांनी मोठ्या कष्टाने दाण्यातून अधिक उत्पन्न काढले. त्यासाठी पिकाचे जे वेळापत्रक बदलले, त्याने बुरशीला दार उघडून दिले.

मोंढ्यात मी ही ज्वारी पाहिली आहे. अडत्या मूठभर दाणे हातात घेई, फुंकर मारी, तळहातावर काळी धूळ उरे आणि भाव निम्म्यावर येई. काही वर्षी तर घ्यायलाच कोणी नसे. मग ती घरी परत जाई. रब्बीची पांढरी शुभ्र ज्वारी विकायला, खरिपाची काळी ज्वारी खायला, असा हिशेब अनेक घरांत होता. आमच्याही होता. आई ती गरम पाण्याने धुई, उन्हात वाळवी, चांगल्या ज्वारीत मिसळी. तरी भाकरीला कडवट वास येई.

आणि एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्याकडे मजुरीचा काही भाग धान्यात दिला जाई. एका पावसाळी वर्षी मजुरांना मापून दिली ती काळी ज्वारी. माप पदरात घेताना एका बाईने वडिलांना विचारले, "मालक, ही तुमच्या घरी खातात का?" वडील म्हणाले, "खातो की." ते खोटे नव्हते. पण आम्ही ती मिसळून खात होतो, आणि तिच्या घरी मिसळायला दुसरी ज्वारी नव्हती. मी तेव्हा दहा-बारा वर्षांचा असेन. माप माझ्याच हातात होते.

अशा धान्याने काय होऊ शकते याची नोंद पुढे झाली. १९९५ साली दख्खनच्या पठारावरील काही गावांत अवकाळी पावसात भिजलेली, बुरशी धरलेली ज्वारी आणि मका खाऊन लोकांना पोटदुखी, पोटात गुरगुर आणि जुलाब सुरू झाले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील रमेश भट आणि सहकाऱ्यांनी तपास केला. २७ गावांत हा त्रास आढळला आणि त्याचे कारण निघाले फ्युमोनिसिन, म्हणजे फ्युजेरियम बुरशीने धान्यात सोडलेले विष. त्या आधी १९७४ साली गुजरात-राजस्थानच्या सीमेवरच्या आदिवासी भागात बुरशीच्या मक्यातील अफ्लाटॉक्सिनने शंभरावर माणसे दगावली होती. दोन्ही वेळा धान्य खाणारे कोण होते? ज्यांना ते फेकून देणे परवडत नव्हते ते.

या दुखण्यावर औषधाने नव्हे, वाणाने उत्तर शोधले गेले. हैदराबादजवळ पाटणचेरूला १९७२ मध्ये सुरू झालेल्या इक्रिसॅट संस्थेत आणि आपल्या परभणीच्या ज्वार संशोधन केंद्रात बुरशीला तोंड देणारे वाण निवडले गेले. 'परभणी श्वेता' हा पीव्हीके ८०१ वाण त्यांतलाच. नावातच त्याचे ध्येय आहे: खरिपात दाणा पांढरा राहावा. पण हे वाण येईपर्यंत रानाचे चित्र बदलत चालले होते. काळ्या ज्वारीला कंटाळलेला शेतकरी सोयाबीनकडे वळला. या शतकाच्या पहिल्या दशकात राज्यात धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना उत्तेजन देण्याचे धोरण आले तेव्हाही, काळ्या ज्वारीला गिऱ्हाईक मिळेल हा युक्तिवाद पुढे केला गेला. त्याला विरोधही झाला. ज्या धान्याची भाकरी होत नाही त्याची दारू करावी, इथपर्यंत गोष्ट आली होती.

सोयाबीनमध्येही बुरशी आणि पाऊस सुटले नाहीत. त्याचे टरफल नाजूक. काढणीत पाऊस लागला की उगवण घसरते. २०१९ च्या परतीच्या पावसाने बियाण्याचे सोयाबीन भिजले आणि २०२० च्या जून-जुलैत राज्यभरातून बी न उगवल्याच्या तक्रारी आल्या. हेक्टरी ६५ ते ७५ किलो महाग बी मातीत घालायचे आणि दुबार पेरणीसाठी पुन्हा उसनवारी करायची, याचा अर्थ परभणी जिल्ह्यात कोणाला सांगावा लागत नाही.

ट्यूबलाइटमधली वीज

या पार्श्वभूमीवर थंड प्लाझ्मा पाहिला पाहिजे.

वायूला भरपूर ऊर्जा दिली की त्याच्या अणूंतून इलेक्ट्रॉन सुटतात आणि विद्युतभारित कणांचा घोळका तयार होतो. १९२८ साली अमेरिकन शास्त्रज्ञ अर्विंग लँगम्युअर यांनी त्याला प्लाझ्मा हे नाव दिले. आकाशातली वीज हा तापलेला प्लाझ्मा. आपल्या घरातली जुनी ट्यूबलाइट हा थंड प्लाझ्मा. तिच्यातले इलेक्ट्रॉन हजारो अंश तापमानाच्या वेगाने धावत असतात, पण ते इतके हलके की वायू तापत नाही. नळीला हात लावला तर कोमट लागते. वेर्नर सीमेन्सने १८५७ सालीच दोन विद्युतपट्ट्यांमध्ये काचेचा अडसर ठेवून असा विद्युतप्रवाह हवेतून खेळवला आणि ओझोन वायू तयार केला. आजची बियाण्याची यंत्रे त्याच घराण्यातली आहेत. पट्ट्यांच्या फटीत दाणे ठेवतात. हवेतील ऑक्सिजन आणि नायट्रोजनपासून अतिशय क्रियाशील कण बनतात, थोडे अतिनील किरणही निघतात आणि ते दाण्याच्या अंगावरच्या बुरशीची कवचे जाळतात. वीज बंद केली की ते कण काही वेळात विरून जातात. दाणा गरम होत नाही आणि त्याच्यावर औषधाचा लेप राहत नाही.

२००८ साली तुर्कस्तानातील संशोधकांनी गहू, सातू, मका, हरभरा, मसूर, सोयाबीन अशा बियाण्यांवर अॅस्परजिलस आणि पेनिसिलियम बुरश्या लावून हा प्रयोग केला. पंधरा मिनिटांच्या उपचाराने बुरशीचे प्रमाण हजारात एकापर्यंत उतरले आणि उगवणशक्ती टिकली. आपल्या मुंबईत, माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत उदय अन्नपुरे आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली भुईमुगाच्या दाण्यांवर असाच प्रयोग प्रसिद्ध केला. ४० आणि ६० वॅटच्या प्लाझ्माने अफ्लाटॉक्सिन बनवणाऱ्या बुरशीची वाढ ९७ टक्क्यांहून अधिक घटली आणि विषाचे प्रमाणही बरेच उतरले. ६० वॅट म्हणजे आपल्या जुन्या पिवळ्या बल्बाएवढी शक्ती. इस्रायलमधील संशोधकांना २०१२ मध्ये आणखी एक गोष्ट दिसली: प्लाझ्मा लागलेले बी पाणी लवकर शोषते. प्रमाण चुकले तर मात्र बी दुबळे होते. मोरचुदाच्या वेळचाच धडा इथेही आहे.

हे सगळे वाचून आनंद झाला, पण म्हाताऱ्याचा प्रश्न इथेही लावून पाहिला. बुरशी राहते कुठे? थंड प्लाझ्मा दाण्याच्या पृष्ठभागापलीकडे फारसा शिरत नाही. म्हणजे खळ्यावर चिकटलेल्या काणीच्या भुकटीसारख्या, बाहेर बसलेल्या बुरशीवर तो चालण्यासारखा आहे. साठवणीत अंगावर चढलेल्या बुरशीवर चालतो. पण फुलोऱ्यातच दाण्याच्या पोटात गेलेल्या बुरशीला तो पोचणार नाही. काळी पडलेली ज्वारी प्लाझ्माने पांढरी होत नाही. उद्या कोणी यंत्र दाखवून तसे सांगू लागला, तर शेतकऱ्याने कणीस पुढे करून विचारावे, ही आतली की बाहेरची?

दुसरा प्रश्न मापाचा. प्रयोगशाळेत ग्रॅममध्ये काम चालते, मोंढ्यात क्विंटलमध्ये. जर्मनीत ड्रेस्डेनला इलेक्ट्रॉनच्या माऱ्याने बियाणे निर्जंतुक करण्याचे जवळचे तंत्र बऱ्याच वर्षांच्या मेहनतीनंतर मोठ्या यंत्रांपर्यंत पोचले. प्लाझ्माही पोचेल. पण ते यंत्र कोणाच्या दारात उभे राहील? गंधक मडक्यात चोळता येतो. लुथरांचे ऊन अंगणात पडते. आमच्या विद्यापीठाने काढलेले 'बायोमिक्स' हे मित्रबुरशी आणि जिवाणूंचे मिश्रण शेतकरी स्वतः आणतो, स्वतः लावतो. तिथे शत्रूला मारायला मित्र पाठवला जातो, आणि तो मित्र बियाण्याबरोबर मातीतही उतरतो. प्लाझ्माचे यंत्र घरात येणार नाही. ते बियाणे कंपनीच्या कारखान्यात जाईल किंवा एखाद्या शेतकरी गटाच्या बीजप्रक्रिया केंद्रात. दोन्हींत मोठा फरक आहे. घरचे सोयाबीन बियाणे म्हणून राखणाऱ्या शेतकऱ्याला आपली पाच पोती घेऊन जाता येईल अशी जागा तालुक्याला एक झाली, तर ते तंत्र इथले होईल. नाहीतर पिशवीवर आणखी एक अक्षर वाढेल आणि किंमत वाढेल.

माप

या सगळ्यातून मला एक गोष्ट दिसली. बियाण्यावरचा प्रत्येक उपाय बुरशीच्या एका जागेवर नेम धरतो: गंधक अंगावर, ऊन पोटात, नवा वाण पावसाच्या वेळेवर. एका उपायाने दुसऱ्याचे काम होत नाही. पारा सगळीकडे पोचला, आणि माणसापर्यंतही पोचला. थंड प्लाझ्माचे मोल मला यात वाटते की तो मागे काही ठेवत नाही. त्या बियाण्याची पोती एखाद्या दुष्काळात उघडली गेली, तर भाकरी खाऊन कोणी मरणार नाही. इराकचा इतिहास माहीत असलेल्याला ही लहान गोष्ट वाटू नये.

तो म्हातारा मला पुन्हा भेटला नाही. भेटला तर आता सांगता येईल, "बाबा, तिन्हीकडे असते, गुलाबी औषध फक्त बियाच्या बाजूचे." त्यावर तो आणखी एखादा प्रश्न विचारील, याची मला खात्री आहे.

माप पदरात घेणाऱ्या त्या बाईचा प्रश्न मात्र शास्त्राचा नव्हता. धान्य काळे का पडले हे तिने विचारले नाही. ते कोणाच्या ताटात जाते, एवढेच विचारले. वडिलांनी दिलेले उत्तर माझ्या कानात आहे आणि त्या दिवशी मी भरलेली मापेही आठवतात, बहुधा आठ.